जुनं की व्हिंटेज?

परवा बाबांचा अॅम्प्लिफायर टॅक्सीत घालून लॅमिंग्टन रोडला नेला. १९८० सालचा, देशी बनावटीचा, उचलताना कंबर मोडेल असा.

"काका, हा व्हिंटेज आहे ना?" मी रुबाबात विचारलं.

दुरुस्तीवाल्या काकांनी चष्मा वर केला. "जुना आहे. व्हिंटेज आहे का, ते उघडल्यावर सांगतो."

घ्या! मी नेटवर वाचून गेले होते, की पंचवीस-तीस वर्षं उलटली की वस्तू व्हिंटेज. पण तसा नियम काही नाही. पुरातन वस्तूंसाठी आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, पण तो शंभर वर्षांची अट घालतो. व्हिंटेज हा शब्द मूळचा वाइनवाल्यांचा. द्राक्षं कुठल्या सालची, एवढंच सांगणारा. आणि नुसतं वयच मोजायचं, तर टेक्निक्सच्या एसएल-१२०० चं काय करायचं? हा टर्नटेबल १९७२ साली आला, २०१० मध्ये बंद झाला आणि २०१६ मध्ये नव्या अवतारात परत आला!

काकांचा हिशेब सोपा. कपॅसिटर वाळले? बदला. स्पीकरच्या कडेचा फोम कुजला? नवा लावा. टर्नटेबलचा पट्टा सैल झाला, सुई झिजली? दुसरी आणा. "उघडून पुन्हा चालू करता येतं, आणि त्यासाठी कुणीतरी एवढी वजनं उचलून आणतं, ते व्हिंटेज. बाकी भंगार."

मग त्यांनी झाकण काढलं. "व्हॉल्यूम कंट्रोल झिजलाय. आवाज लहान ठेवला की डावा स्पीकर गप्प. अर्ध्याच्या पुढे नेला की दोन्ही वाजतात. बरीच वर्षं असंच चाललेलं दिसतंय."

मी स्टुलावर बसलेच.

कारण बाबांचा मोठा आवाज हा आमच्या घरातला भांडणाचा ठरलेला विषय. शेजाऱ्यांच्या तक्रारी, आईचा अबोला, माझं दार आपटणं. गेल्या वर्षी तर मी त्यांना सरळ कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट वयाच्या मानाने एकदम उत्तम. "म्हणजे तुम्ही मुद्दाम करता!" मी तिथल्या तिथे, चारचौघांत बोलले. बाबा काहीच बोलले नाहीत.

रविवारी अॅम्प घरी आला. बाबांनी एलपी लावली, सवयीने बटण अर्ध्याच्या पुढे नेलं, मग हळूहळू मागे आणलं. डावा स्पीकर वाजतच राहिला. ते त्याच्याकडे बघत बसले.

"बाबा, इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही नवा आणला असतात."