ओळखीची चिठ्ठी

घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच, आणि तीही गणित घेऊन. एम.एस्सी.साठी विद्यापीठाच्या यादीत नाव लागलं, गल्लीत पेढे वाटून झाले. मग नोंदणीचा अर्ज भरायला ती मोबाइल घेऊन बसली आणि एका रकान्यापाशी अडली. वैकल्पिक विषय निवडा! शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एम.एस्सी. चार सत्रांची, 88 क्रेडिटची झाली आहे. काही विषय सक्तीचे, काही पसंतीचे. पण ज्या विषयाचं नावच पहिल्यांदा वाचलं, त्याची पसंती कशी ठरवायची? शिवाय गणितात एका मजल्यावर दुसरा मजला चढतो. खालचा कच्चा राहिला की वरचा डुगडुगतो.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. मामा म्हणाला, "ज्याला स्कोप आहे ते घे." बाबांनी एसटीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा साडू विद्यापीठात नोकरीला असल्याचं शोधून काढलं आणि त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून आणला. "ओळखीशिवाय तिथं कोण उभं करतं?"

"रेशनच्या दुकानात साखर कधी येणार ते मी ओळख काढून विचारते का?" आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "विचार की सरळ."

विभागात फोन लावला. कारकुनाने मॅडमचा ई-मेल पत्ता दिला. तिने दोन पानी पत्र लिहिलं : दहावीपासूनचे गुण, गरिबी, कृपादृष्टी, मार्गदर्शन. एवढ्या मजकुरात प्रश्न तेवढा राहून गेला होता! दोन दिवस उत्तर नाही. बाबांनी खिशावरून हात फिरवला.

1913 मध्ये रामानुजन यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिलं, तेव्हा त्यांच्याकडेही पदवी नव्हती की ओळख. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, पगार अमुक, एवढं सांगून त्यांनी पुढे आपली प्रमेयं मांडली. हार्डींचं उत्तर आलं आणि त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसाला दरमहा 75 रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. आपल्या मुलीजवळ प्रमेयं नव्हती, पण अडचण तर नेमकी होती.

बुधवारी रात्री तिने दुसरं पत्र लिहिलं. नाव, अर्ज क्रमांक, बी.एस्सी.ला झालेले विषय आणि एकच प्रश्न : नंबर थिअरी घेऊ की संगणकाचा विषय? खाली अंतिम तारीख.

गुरुवारी दुपारी मॅडमचाच फोन आला.

"पुस्तक न उघडता शेवटचं कुठलं प्रमेय तू स्वतः सिद्ध केलंस?"

ती गप्प. रिअल अ‍ॅनालिसिसला तिला शंभरातले 91 होते. पण सिद्धता? त्या पाठ केल्या होत्या, स्वल्पविरामांसकट. थाप मारावी असं क्षणभर वाटलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, एकही नाही."

"बरं झालं सांगितलंस. निम्मा वर्ग असाच येतो, फक्त बोलत नाही." मग वीस मिनिटं मॅडम बोलत राहिल्या. पसंतीचा विषय आमच्याकडे पहिल्या दोन आठवड्यांत बदलता येतो, त्याचा घोर नको. नंबर थिअरी घे, तिथं छोट्या सिद्धतांवर हात बसेल. तोवर रोज एक प्रमेय, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर. अडलं की विभागात ये, चारनंतर मी असते.

शुक्रवारी सकाळी अर्ज गेला. पावतीची प्रत काढून आईने देवापुढे ठेवली. बाबा चष्मा लावून ती दोनदा वाचून गेले.

"मॅडम कुठल्या गावच्या गं?"

"विचारलंच नाही, बाबा."

बाबांनी खिशातली चिठ्ठी काढली, मागची बाजू कोरी होती. "घे," ते म्हणाले, "आजचं प्रमेय यावर लिही."