दिवेलागण

दोन वर्षांपूर्वी आईच्या मेंदूच्या डाव्या भागातील रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि तिला पक्षाघात झाला. उजव्या हातातील बळ हळूहळू परतले. शब्द मात्र परतले नाहीत. आमचे बोलणे तिला बरेचसे कळे, पण मनातला शब्द ओठांवर येत नसे. याला वाचाघात म्हणतात. इतकी वर्षे मी रुग्णांच्या नातेवाइकांना हा शब्द समजावून सांगत आलो. त्याचा अर्थ मला घरात कळला.

तिच्या जिभेवर एकच शब्द अडकून बसला होता : 'सकाळ'. दुपारचे ऊन, पाऊस, रात्रीचा अंधार, सारे 'सकाळ'च. एखादा शब्द असा पुन्हापुन्हा येणे हे या आजाराचे लक्षण आहे, हे ठाऊक असूनही मी रोज घड्याळाकडे बोट दाखवून विचारी, "आई, आत्ता काय आहे? नीट आठव." एके दिवशी तिने भिंतीकडे तोंड फिरवले. डोळे भरलेले होते.

वाचा-उपचारतज्ज्ञांनी मला हळुवारपणे सांगितले, "परीक्षा घेणे थांबवा. शेजारी बसून चित्रे पाहा."

मुलीच्या कपाटात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे पुस्तक होते. १८९०-९१ च्या सुमारास त्याने जिव्हर्नी येथील आपल्या घराजवळच्या शेतातील गंजी सुमारे २५ वेळा रंगवल्या. गंजी त्याच, बदलतात ते ऋतू, हवा आणि उजेड. कुठे धुके, कुठे बर्फ, कुठे मावळते ऊन. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या आईला गंजी परकी नव्हती.

एका वेळी दोनच चित्रे मी तिच्यासमोर ठेवी. "इथे धुके पडले आहे. इथे ऊन कलले आहे," असे म्हणून थांबे. मग विचारी, "धुके कोणते?" ती बोट ठेवी, बोलण्याची सक्ती नसे. काही दिवसांनी मी शब्दाचे पहिले अक्षर देऊ लागलो. 'धु...' म्हटले की कधी ती शब्द पुरा करी, कधी नाही. ती ताजीतवानी असताना, जेमतेम पंधरा मिनिटे.

वाचाघातात शब्द बहुधा पुसले जात नाहीत. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट मोडते. घड्याळात नुसते आकडे असतात. चित्रातील उजेडाबरोबर मात्र गोठा, अंगण, चुलीचा धूर असे बरेच काही मनात येते. शब्दाकडे जाण्याची एखादी आडवाट त्यातून सापडू शकते.

तिसऱ्या आठवड्यात तांबूस प्रकाशातल्या गंजीकडे ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "दिवे... दिवेलागण." हा शब्द मी तिला दिलाच नव्हता. तो तिचा होता.

पुढच्या एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया वाळत होत्या. खिडकीशी बसलेली आई एकाएकी ओरडली, "झाकोळ! वाळवण!" सूनबाई धावली. वळवाची सर येण्याआधी कुरडया घरात आल्या. कित्येक महिन्यांनी घर तिच्या शब्दावर हलले होते.

चित्रांनीच हे सारे घडवले, असा दावा मी करणार नाही. वाचा-उपचार चालू होते, आणि पहिल्या काही महिन्यांत थोडी सुधारणा आपोआपही होते. आजही ती मला धाकट्या भावाच्या नावाने हाक मारते. मी 'ओ' देतो.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर मोठ्याने ओरडू नका. त्यांचे कान बहुधा शाबूत असतात. छोटे वाक्य बोला, उत्तरासाठी थांबा आणि त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलू नका. मोन्याचे पुस्तक हवेच असे नाही. जुन्या कॅलेंडरवरील निसर्गचित्रेही चालतील. आणि कोणाचेही बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर वाट न पाहता त्यांना मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे मिनिटे मोजली जातात.