भाद्रपदातले आमचे अंगण

भाद्रपदात चार दिवस रजा काढून मंडणगड तालुक्यातल्या आमच्या बौद्धवाडीत गेलो. बांधावर तेरडा फुललेला, भात पोटरीत आलेले, वर चतुरांचे थवे.

सकाळी पडवीलगत लांबलचक धामण निघाली. शेजाऱ्याने काठी उचलली. आई म्हणाली, "नको रे बाबा! विषारी नाय ती. उंदीर खाते, म्हणून भात घरात येतो."

आईला अक्षर येत नाही. पंचशील मात्र तोंडपाठ. पायाखाली कोवळी पिके, जीवजंतू तुडवले जाऊ नयेत म्हणून भिक्खू वर्षावासात एके ठिकाणी राहतात, हे तिने विहारात ऐकलेले.

शेजाऱ्याने काठी खाली ठेवली. धामण बांधात शिरली.

बंधुभगिनींनो, या दिवसांत मुलांना गावी न्या. पहिले शील तिथे अंगणातच शिकायला मिळते.