रॉकवाल्यांचे किस्से मागितलेस म्हणून

प्रिय सायली,


दिवाळी अंकासाठी रॉकवाल्यांचे ‘मसालेदार’ किस्से हवेत म्हणालीस. ऑझी ऑस्बोर्नने १९८२मध्ये भर कार्यक्रमात वटवाघळाचं डोकं चावलं, हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ते कशाला पुन्हा? मला विचारशील तर या मंडळींच्या थेरांपेक्षा त्यांच्या कामातल्या खटपटी जास्त अजब असतात.

ऑझीच्याच ‘ब्लॅक सॅबथ’ बँडमधला गिटारवादक टोनी आयोमी घे. बर्मिंगहॅमचा पोरगा, वय १७, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. तेव्हाच्या बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून नोकरी सोडलेली, त्या दिवशी शेवटची हजेरी. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता. आईनेच दामटून पाठवलं. नेहमीचा कामगार आला नव्हता, म्हणून याला प्रेसच्या मशीनवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! गिटार विसर, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. मग कारखान्यातला फोरमन जँगो राइनहार्टची रेकॉर्ड घेऊन आला. ती ऐकवून झाल्यावर म्हणाला, हा माणूस आगीत हात भाजल्यावर दोन बोटांनी वाजवायचा.

आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्नने त्यात बोट शिरेल एवढं भोक पाडलं, घासघासून टोपणं केली आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. बोटांना सोसाव्यात म्हणून तारा बारीक लावल्या. पुढे त्याही सैल करून सूर उतरवला. ब्लॅक सॅबथच्या त्या जड, खर्जातल्या आवाजात या टोपणांचा वाटा मोठा. फक्त सगळं श्रेय अपघाताला देऊन मोकळी होऊ नकोस. १९७०च्या पहिल्या अल्बममध्ये सूर उतरवलेला नाही, तरी तो आवाज पुरेसा भीतिदायक आहेच.

व्हॅन हेलन बँडच्या करारातलं तपकिरी गोळ्यांचं कलम तू ऐकलं असशील: मेकअप रूममध्ये एमअँडएमच्या गोळ्या ठेवा, पण त्यात तपकिरी एकही नको. माज म्हणून हे खूप छापून आलं. गायक डेव्हिड ली रॉथने आत्मचरित्रात खरी गोम सांगितली. त्यांचं सामान अवजड, करार जाडजूड. वजन किती, वीज किती, सगळं त्यात लिहिलेलं. आयोजकाने तो वाचलाय की नाही, हे गोळ्यांच्या वाडग्यात डोकावलं की कळे. तपकिरी गोळी दिसली की स्टेजची तपासणी पहिल्यापासून. हा किस्सा जरूर घे.

क्वीनबद्दल लिहिताना पाचगणी आलीच पाहिजे. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा, तिथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला. शाळेत पोरांचा ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड होता. त्यात फ्रेडी पियानोवर. पुढे उभा राहून गायचा तो दुसराच मुलगा! ब्रायन मेची गिटार तर बापलेकांनी घरीच बनवलेली: दांड्याला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तीच गिटार घेऊन गडी जन्मभर वाजवतो आहे, आणि मध्येच २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टरेटही करून बसला.

ड्रमर रॉजर टेलरने आपलं गाणं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घ्यावं म्हणून स्वतःला कपाटात कोंडून घेतलं, असं सांगतात. लोक रेकॉर्ड घेत ते पुढच्या बाजूसाठी, पण रॉयल्टी दोन्ही बाजूंना सारखीच मिळे. कपाटाचं ‘म्हणे’ लावून लिही, रॉयल्टीचं बिनधास्त लिही.

मजकूर झाला की आधी मला पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा