पोस्टकार्डावर मावेल एवढं

बारावीच्या हिवाळ्यात सरांनी वैद्यकीय सीईटीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी सही करायला तयार नव्हतो. मला डी.एड. करायचं होतं. दोन वर्षांत नोकरी लागेल आणि बाचं सालदारकीचं काम सुटेल, एवढंच डोक्यात होतं. शहादा तालुक्यातल्या आमच्या भिल्लवस्तीत डॉक्टर म्हणजे परका माणूस. तो आमची बोली बोलत नसे आणि आम्ही त्याच्यासमोर नीट बोलू शकत नसू. आपल्यातलं कुणी त्या खुर्चीत बसू शकतं, हे माझ्या मनात आलंही नव्हतं.

सर आमच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवत. ते म्हणाले, "राज्यात शंभरातल्या सात जागा अनुसूचित जमातींच्या मुलांसाठी आहेत. त्या रांगेत तू उभाच राहिला नाहीस, तर जागा असून काय उपयोग?" मी सही केली, पण ती त्यांचं मन राखायला.

त्या जागेपर्यंत पोहोचण्याची वाट किती अडचणीची असते, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. जातीचा नुसता दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी 1950 पूर्वीची नोंद मागतात. माझे आजोबा, पणजोबा शाळेत गेले नव्हते, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही. आमच्यासारख्यांची अडचण नेमकी इथे होते. जे शिकले नाहीत आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांच्याच घरात कागद सापडत नाही.

उरलं कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूच्या त्या जुन्या नोंदी शोधायला सर किरकोळ रजा टाकून बाला घेऊन तीन वेळा कचेरीत गेले. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी मीही होतो, आणि मनातून कुरकुरत होतो की अभ्यासाचा दिवस वाया जातोय. अभिलेख कक्षात शिरताना बाने चपला दाराशी काढल्या. कडा कुरतडलेलं, तपकिरी पडलेलं ते पान सरांनी दोन्ही हातांनी उलटलं आणि एका ओळीवर थांबले. मुलगा जन्मला, बापाचं नाव, गाव, जात भिल. बाला वाचता येत नव्हतं. त्याने विचारलं, "गुरुजी, हा माझा बा?" सर हो म्हणाले. बाने बोट पानाजवळ नेलं, पण कागदाला लावलं नाही. मी पाहत होतो आणि मला काहीच कळलं नव्हतं. त्या ओळीची नक्कल मिळाली नसती, तर माझ्या गुणांचा काही उपयोग झाला नसता.

प्रवेश मिळाला, आणि पहिल्याच वर्षी मी शरीररचनाशास्त्रात नापास झालो. वर्गात इंग्रजी ऐकू यायचं, समजायचं नाही. विचारायची लाज वाटायची. राखीव जागेवरचा म्हणून आधीच नजरा असतात असं वाटायचं, त्यात प्रश्न विचारून आपलं अज्ञान कशाला दाखवा? मी पेटी घेऊन एसटीने घरी आलो आणि बाबरोबर कापूस वेचायला जाऊ लागलो. पाचव्या दिवशी सर शेताच्या बांधावर उभे होते.

ते रागावले नाहीत. पिशवीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. सगळ्यांवर त्यांचा स्वतःचा पत्ता लिहिलेला होता. म्हणाले, "मला इंग्रजी येत नाही आणि डॉक्टरकीही येत नाही. आठवड्याला एक कार्ड टाक. तू जे शिकलास त्यातलं एक, मला कळेल असं लिही. कार्डावर मावेल एवढंच."

पहिलं कार्ड हृदयाच्या झडपांवर होतं. चार वेळा खोडून लिहिलं. शेवटी सुचलं की विहिरीतल्या मोटरच्या फूटवॉलसारखी ही झडप असते, वर गेलेलं पाणी ती मागे येऊ देत नाही. ते लिहिताना झडप मला पहिल्यांदा कळली. सर उलट कार्ड पाठवत आणि त्यात प्रश्न असे. "झडप गळायला लागली तर?" त्याचं उत्तर शोधायला मला पुन्हा पुस्तक उघडावं लागे. पुरवणी परीक्षेत मी पास झालो.

पुढे एक गोष्ट मी केली, ती सांगायला हवी. दुसऱ्या वर्षानंतर मी कार्डं लिहिणं थांबवलं. अडचण संपली होती, मित्र झाले होते. सरांची दोन कार्डं आली, त्यांनाही उत्तर दिलं नाही. अनेक वर्षं दिलं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो, तेव्हा तिथली एक सिस्टर एका म्हाताऱ्या रुग्णाला हृदयाचा आजार समजावत होती. "बा, मोटरचा फूटवॉल असतो ना, तसं." मी थबकलो. विचारलं तर म्हणाली, आश्रमशाळेत सर नववीच्या वर्गात आम्हाला कार्डं वाचून दाखवायचे, एका दादाने पाठवलेली. आपल्या वस्तीतला मुलगा हे शिकतोय, असं सांगायचे. ती ऐकून तिने नर्सिंगला अर्ज केला होता. तो दादा मी, हे तिला सांगायला मला दोन दिवस लागले.

आता मुलांसमोर नावं आहेत. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल समाजातून एमबीबीएस झाले, पुढे नंदुरबारचेच जिल्हाधिकारी झाले. 2020 पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नीटचा पेपर मराठीतही मिळतो. तरी आश्रमशाळेत गेलो की दहावीतली मुलं तोच प्रश्न विचारतात, "सर, व्हॅलिडिटीला कागद कुठून आणायचा?" मी त्यांच्या घरच्यांबरोबर कचेरीत जातो. सरांनी जे केलं, त्यापुढे ते फार थोडं आहे.

सरांना मी पुन्हा लिहू लागलो आहे. त्यांना आता नीट दिसत नाही, सूनबाई वाचून दाखवतात. गेल्या महिन्यात सिकलसेलवर लिहिलं होतं, की नवराबायको दोघेही वाहक असतील तर चारातलं एक मूल आजारी निघू शकतं. आठ दिवसांत सूनबाईंच्या अक्षरात उत्तर आलं. "कार्ड मिळालं. तीन मुलं निरोगी झाली तर चौथं नक्की आजारी, असं लोक समजतील. किंवा पहिलं आजारी झालं तर पुढची तीन सुटली, असं. प्रत्येक गरोदरपणात धोका तेवढाच असतो ना? मग ते यात आलेलं नाही. पुन्हा लिही."