हवा पिणारी की उपाशी?

डिझेलची जुनी गाडी चालता चालता बंद पडते तेव्हा ती दोनच कारणांनी पडते, असं आमच्या नरडाण्याच्या मिस्तरींचं म्हणणं आहे. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर : "भाऊ, गाडी हवा पी ऱ्हायनी का उपाशी मरी ऱ्हायनी, आधी ते देख. मंग पाना उचल." मी पुण्यात दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो, पण इतकं नेमकं प्रॉब्लेम स्टेटमेंट मला आजवर एकाही क्लायंटने दिलेलं नाही.

गाडी म्हणजे अप्पांची महिंद्रा एमएम 540. फोर व्हील ड्राइव्ह, चार सिलिंडर, 2112 सीसी. इंजिन मूळचं फ्रेंच, प्यूजोचं एक्सडीपी 4.90. महिंद्राने त्याचं लायसन्स घेऊन ते आपल्याकडे इगतपुरीला बनवलं. म्हणजे आमच्या गाडीचं काळीज ज्या आग्रा रोडवर जन्मलं, त्याच रोडवर आता ती बंद पडत होती. असो.

बंद पडणं एरवी गमतीत नेता आलं असतं. पण शेताकडे जायला अप्पांना चौपदरी हायवे ओलांडावा लागतो आणि गेल्या पावसाळ्यानंतर गाडी एकदा बरोब्बर मधोमध थांबली. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं. अप्पांनी हे घरी सांगितलंच नाही, फाट्यावरच्या चहावाल्याकडून आईला कळलं. आईचा निकाल त्याच रात्री लागला, गाडी विका. भंगारवाला येऊन बघूनही गेला. अप्पांचं एकच, "इतला वरीसनी गाडी, भंगारमा देऊ का?" आणि मग दोघेही फोनवर माझ्याशी बोलायला लागले, एकमेकांशी नाही.

त्याआधी गाडी एका मोठ्या गॅरेजात दाखवून झाली होती. त्यांनी फिल्टर बदलला, एअर काढली, गाडी आठवडाभर चालली आणि पुन्हा पडली. पुन्हा एअर काढली, पुन्हा चार दिवस चालली. तिसऱ्या खेपेला त्यांनी इंजेक्शन पंप ओव्हरहॉल करायला सांगितला. खर्चाचा आकडा ऐकून अप्पांनी गाडी तशीच परत आणली. पंप हा डिझेल इंजिनचा सगळ्यात महाग अवयव, आणि ज्याला दोष दिला की गिऱ्हाईक वाद घालू शकत नाही असाही हाच एक अवयव. (आमच्याकडे ही जागा डेटाबेसची आहे.)

आता थोडं इंजिनाबद्दल. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी लागते, म्हणजे कॉइल, प्लग, वायरिंग सगळेच संशयित. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि तिच्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. आमच्या गाडीत इंजिन बंद करायलाही नॉब ओढावी लागते, किल्लीचा संबंध नाही. म्हणजे एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची गरजच नाही. राहिलं काय? हवा, दाब आणि डिझेल. दाब गेला तर तो दहा मिनिटांनी परत येत नाही. एअर क्लीनर तुंबला तर काळा धूर येतो, तो येत नव्हता. नॉबची केबल अडकते का तेही पाहिलं, मोकळी होती. उरलं डिझेल.

इथे नानांचा प्रश्न येतो. डिझेल टाकीतून इंजिनापर्यंत आपोआप वाहत येत नाही, फीड पंप ते ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूच्या पाइपला बारीक चीर असली तर तिथून डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणूनच हवा पिणारी गाडी बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते. अशी गाडी सकाळी सुरू होते, दहा-पंधरा सेकंद चालते, लटपटते, बंद पडते, आणि मग हाताने पंप मारून एअर काढल्याशिवाय ऐकत नाही.

उपाशी गाडीची तऱ्हा वेगळी. ती सकाळी झक्क सुरू होते. काही किलोमीटर नीट जाते. मग हळूहळू दम सोडते, अॅक्सिलरेटर दाबला तरी वेग पडत जातो आणि शेवटी विझते. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू.

आमची कुठली? अप्पांना विचारलं तर म्हणाले, "बंद पडते म्हणजे बंद पडते!" एण्ड युजरकडून याहून जास्त माहितीची अपेक्षा नव्हतीच. मग त्यांना स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नोंदी करायला सांगितल्या : किती किलोमीटर गेली, कुठल्या रस्त्याने, किती वेळाने परत सुरू झाली. तीन आठवड्यांत सहा नोंदी झाल्या, दूध आणि गॅस सिलिंडरच्या मध्ये. सहाही वेळा गाडी दहा-पंधरा मिनिटांत हात न लावता सुरू झाली होती. म्हणजे उपाशीच. आणि सहाही वेळा ती हायवेवर पडली होती. शेताच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, नांगरटीत, चिखलात, फोर व्हील टाकून पहिल्या गिअरमध्ये कापसाची गाठोडी ओढताना एकदाही नाही. जिथे पडायला पाहिजे तिथे चालते आणि गुळगुळीत डांबरावर मरते! हे अप्पांना इतके दिवस गाडीचं नखरेलपण वाटत होतं. मला फोनवर ते ऐकून झोप लागेना.

पुढच्या शनिवारी गावी गेलो. पहिला संशय टाकीच्या झाकणावर. टाकीतलं डिझेल कमी होतं तशी आत हवा यावी लागते. झाकणाचं भोक बुजलं असेल तर आत पोकळी होते आणि फीड पंप ओढून ओढून थकतो. झाकण सैल ठेवून सोनगीरच्या दिशेने निघालो. किल्ला दिसायला लागला आणि गाडीने दम सोडला. झाकण निर्दोष.

दुसरी तपासणी नानांची. फीड पंपाच्या अलीकडे त्यांनी वीतभर पारदर्शक नळी बसवली. इंजिन चालू असताना नळीत बुडबुडे दिसले तर हवा, नाहीतर उपास. हायवेवर गाडी विझायला लागली तेव्हा थांबून बॉनेट उघडलं. बुडबुडा नव्हता. नळी मात्र आत ओढली जाऊन चपटी झाली होती, दुष्काळातल्या बैलाच्या पोटासारखी. पंप बिचारा ओढत होता, मागून येतच नव्हतं. "पंपले काहीच व्हयेल नही," नाना म्हणाले आणि त्यांनी विडी पेटवली. (लांब जाऊन.)

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडली, कारण आम्ही कोडमध्ये हेच करतो : सिस्टीम मधोमध तोडायची आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. टाकी पूर्ण वगळली. पाच लिटरचा कॅन स्वच्छ डिझेलने भरला, फीड पंपाची नळी त्यात सोडली आणि इंजिनाकडून उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्न पाइपही त्यातच आणला. हा रिटर्न विसरला तर कॅनमधलं डिझेल गुपचूप टाकीत जमा होतं आणि चाचणीची वाट लागते. नाना चालवत होते, मी डाव्या सीटवर कॅन मांडीत धरून. (पेट्रोलच्या गाडीत हा प्रयोग कृपया कोणी करू नये. डिझेलही जपूनच.) सोनगीरपर्यंत दोन फेऱ्या मारल्या. गाडी हूं की चूं न करता पळाली. इंजिन, इंजेक्शन पंप, फिल्टर, फीड पंप सगळे सुटले. आरोपी टाकी ते फीड पंप या पट्ट्यात होता.

रविवारी टाकी उतरवली. तळाशी गंजाचे पापुद्रे होते, ते अपेक्षितच. पण आतल्या ओढ-नळीच्या तोंडाला जाळी असते, तिच्यावर जे बसलं होतं ते बघून आम्ही तिघेही गप्प झालो. करड्या रंगाचा, बोटभर जाड, नमद्यासारखा थर. बोटांत चुरून पाहिला तर कापूस! नाना अप्पांकडे बघायला लागले. अप्पा आभाळाकडे. मग हळूहळू निघालं : तीन वर्षांपूर्वी टाकीचं झाकण हरवलं होतं, आणि नवीन मिळेपर्यंत म्हणून जे जुन्या धोतराचं बोळकं कोंबलं ते दोन उन्हाळे तसंच होतं. त्याचे धागे सुटून आत पडत राहिले. खानदेशातली गाडी कापसानेच मरायला निघाली होती.

मग सगळी कोडी सुटली. हायवेवर एकसारखी ओढ लागते, तेव्हा तो थर हळूहळू जाळीवर चिकटत जातो. इंजिन थांबलं की ओढ संपते, थर सुटून खाली पडतो, दहा मिनिटांत रस्ता मोकळा. खड्ड्यांत डिझेल हिंदकळतं, थराला चिकटू देत नाही. आणि गॅरेजात एअर काढल्यावर गाडी का चालायची? एअर काढण्याने काहीच झालं नव्हतं. गाडी तिथे दोन दिवस उभी राहिली, कचरा तळाशी बसला, एवढंच. सर्व्हर रीस्टार्ट करून "फिक्स केलं" असा मेल टाकणारे आमच्याकडेही आहेत.

टाकी धुतली, वाळवली, पाइप हवेने साफ केला, कडक झालेली रबरी नळी आणि तांब्याची वायसरं बदलली. सगळं मिळून हजाराच्या आत. नानांनी मजुरी घ्यायला नकार दिला आणि मग अप्पांनी खिशात कोंबल्यावर घेतली. टाकीच्या अलीकडे एक छोटा फिल्टर लावावा असं माझं मत होतं. "तुंबाले आखो एक जागा," नाना म्हणाले. शेवटी मी तो लावलाच, पारदर्शक काचेचा, म्हणजे घाण दिसेल तरी.

आईने गाडी ठेवायला होकार दिला, पण एका अटीवर : हायवे ओलांडण्याआधी अप्पांनी कडेला थांबून इंजिन चांगलं रेज करून बघायचं. अप्पा ते करतात, असं चहावाला सांगतो. कालनिर्णयवरच्या नोंदी अजून चालू आहेत, फक्त आता थंडीत सकाळी गाडी सुरू करताना पांढरा धूर येतो अशी नवीन तक्रार तिथे दिसायला लागली आहे. हीटर प्लगवर माझा संशय आहे. पुढच्या खेपेला मल्टिमीटर घेऊन जातो.