अंड्याला विचारायचे तीन प्रश्न

मुलांना अंड्याचं चित्र काढायला सांगितलं की बहुतेक कागदांवर कोंबडीचं अंडं उतरतं. मग त्याच मुलांना विचारावं, टिटवीचं अंडं पाहिलंय का? पालीचं? वर्गातले हात भराभर वर होतात. बीड जिल्ह्यातल्या मुलांनी हे सगळं शेतात, ओढ्याकाठी, घराच्या भिंतीवर पाहिलेलं असतं. पाहिलेल्याचा अर्थ लावायला मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मी प्राणिशास्त्र शिकवते. मुलांना मी नावांची यादी पाठ करायला लावत नाही. कुठलंही अंडं दिसलं की तीन प्रश्न विचारायला सांगते. याला खाणारं कोण? याला ऊब आणि ओल कुठून मिळते? आणि यातून निघणारं पिल्लू जगायला कितपत तयार असेल?

सुरुवात टिटवीपासून करावी. आपल्या बालाघाटाच्या माळावर ती उन्हाळ्यात उघड्या मुरमात अंडी घालते. घरटं म्हणजे चार खडे सारून केलेला उथळ खळगा. अंडी मातकट, त्यावर काळे डाग. दोन हातांवरूनही दिसत नाहीत. बहुधा चार असतात आणि त्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला असतात. त्यामुळे ती एकमेकांना चिकटून बसतात आणि एका पक्ष्याच्या पोटाखाली मावतात. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला, असं जुनी माणसं सांगतात. या समजुतीमुळे आपल्याकडे टिटवीच्या अंड्यांकडे लक्ष ठेवणारी माणसं तयार झाली, हे मला मोलाचं वाटतं. ऊन वाढलं की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. इथे उबेपेक्षा गारवा देणं महत्त्वाचं ठरतं.

टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच चालू लागतं. लांडोरीचंही तसंच. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 साली जाहीर झालं. तिथल्या लांडोरीही झुडपाच्या आडोशाला जमिनीवरच अंडी घालतात. अशा अंड्यांत बलकाचा साठा मोठा असतो आणि ती सुमारे चार आठवडे उबवावी लागतात. सातभाईचं पिल्लू मात्र उघडंनागडं, डोळे मिटलेलं जन्मतं. त्याचं उरलेलं वाढणं घरट्यात, आईबापांच्या चोचीतल्या घासावर होतं.

सातभाईचं अंडं सुंदर निळं असतं. पावश्याची मादी त्याच्याच घरट्यात चोरून अंडं घालते आणि तेही निळंच असतं. पक्ष्यांच्या अंड्यांचे सगळे रंग मुख्यतः दोनच रंगद्रव्यांतून येतात, एक तांबूस-तपकिरी आणि दुसरं निळसर-हिरवं. याउलट वेडा राघू आणि खंड्या ओढ्याच्या दरडीत बीळ करून अंडी घालतात आणि ती पांढरीशुभ्र असतात. अंधारात लपवायला रंग लागत नाही. हे उत्तर मुलं स्वतः शोधतात, तेव्हा त्यांना झालेला आनंद पाहण्यासारखा असतो.

सापाच्या अंड्याचं कवच चिवट चामड्यासारखं असतं. ते मातीतली ओल शोषून घेतं आणि अंडं हळूहळू फुगतं. नाग, मण्यार, धामण अंडी घालतात. घोणस मात्र थेट पिल्लांना जन्म देते. पावसाळ्यात सरड्याची मादी ओल्या मातीत खड्डा करून अंडी पुरते आणि निघून जाते. पालीची अंडी सहसा दोन, पांढरी आणि टणक असतात. दिवाळीच्या साफसफाईत तसबिरीमागे ती सापडली तर फिरवू नयेत. पक्षी आपली अंडी अधूनमधून उलटवतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात गर्भ कवचाला एका बाजूने चिकटतो आणि अंडं उलटलं तर तो मरू शकतो.

खरी श्रीमंती आहे ती पानांखाली. रुईच्या पानावर फुलपाखराचं एकेकटं अंडं असतं, कारण त्याच्या अळीला रुईची पानं लागतात. क्रायसोपा या कीटकाची मादी प्रत्येक अंडं केसासारख्या देठावर टांगते. तिच्या अळ्या इतक्या खादाड असतात की अंडी शेजारी असती तर पहिलीनं दुसरीला खाल्लं असतं. हीच अळी कपाशीवरचा मावा फस्त करते. ट्रायकोग्रामा हा मिलिमीटरभरही नसलेला कीटक किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालतो आणि कीड अंड्यातच मरते. म्हणून शेतकरी ऊस-कपाशीच्या पानांना ट्रायकोग्रामा असलेली ट्रायकोकार्ड लावतात. आणि रेशीमशेती करणाऱ्या घरातल्या मुलाला रेशीमकिड्याचा अंडीपुंज म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. एका पुंजात चारशे-पाचशे अंडी असतात. ती काळ्या कागदात ठेवून मग उजेडात आणली की अळ्या एकाच वेळी बाहेर पडतात. अंड्यावर घरचा पैसा अवलंबून असतो, हे बीडच्या मुलांना पुस्तकाआधी कळतं.

या जिल्ह्यातली कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर गावी परततात. तोवर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं, पण टिटवीच्या विणीचे दिवस सुरू होत असतात. फडात आणि माळावर वावरलेल्या या मुलांची नजर तयार असते. अंड्यांच्या धड्यात तीच इतरांची शिक्षक होऊ शकतात. शिक्षकांनी ही संधी त्यांना द्यावी.

एक नियम मात्र अटळ ठेवावा : पाहायचं, हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्य पक्ष्यांची, सरपटणाऱ्यांची अंडी आणि घरटी यांना संरक्षण दिलं आहे. घरट्याजवळ फार वेळ थांबू नये, कारण आपल्या मागावर कावळा आणि कुत्रं येतं. बिळात, दगडाखाली हात घालू नये. सोबत वही आणि भिंग असावं. जागा, तारीख, रंग, संख्या लिहावी आणि चित्र काढावं.

पालकांना माझी विनंती आहे : सुट्टीत मुलांना एकदा शेताच्या बांधावर न्या, एखादं पान हलकेच उलटून दाखवा आणि तिन्ही प्रश्न त्यांच्या तोंडून येऊ द्या. उत्तरं सांगायची घाई करू नका.